आजींचा चेहरा नीट दिसायला हवा

कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने हट्टाने घ्यायला लावलेला डीएसएलआर कॅमेरा आज कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याची केवढी क्रेझ होती! दोन-चार सहली झाल्या, गॅदरिंग झालं, मावसबहिणीचं लग्न झालं. मग मोबाइलचे कॅमेरे सुधारले आणि हा बिचारा काळ्या बॅगेत जाऊन बसला. ‘विकायला काढला तर किती येतील गं?’ असं एका मैत्रिणीने विचारलं, तेव्हा मी तिला म्हटलं, विकू नकोस, आपल्याला त्याचं काम आहे.

काम असं, की आमचा सात-आठ जणींचा गट माण-खटाव भागातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी व्हिडिओवर घेतो. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी सरकारी कामांवर खडी फोडली, पाझर तलावांवर डोक्याने माती वाहिली, मिलोच्या लाल भाकरी थापल्या आणि सुकडीवर पोरं जगवली, त्या बायका. तेव्हाच्या नव्या सुना आज सत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि तेव्हाच्या सासवा तर बहुतेक गेल्याच. दुष्काळाचे आकडे सरकारदरबारी आहेत, पण हातोडीने अंगठा ठेचल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर कसं जायचं, हे या बायकांशिवाय कोण सांगणार?

आम्ही हे काम सुरू करण्याआधीची एक गोष्ट सांगते. एका घरातल्या मुलांनी हौसेने लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाला बोलावून आपल्या आईची मुलाखत घेतली होती. आई चाळीस मिनिटं भरभरून बोलली. चार महिन्यांनी ती गेली. वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा मुलांनी ते रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख न् तारीख वाचता येत होती. पण आईचा चेहरा? ओल्या काचेतून पाहावा तसा! त्यातून मागे खिडकी उघडी, त्यामुळे चेहरा काळवंडलेला. लेक एवढंच म्हणाली, ‘आवाज आईचा हाय, पर आई कुठं दिसती?’

मैत्रिणींनो, लग्नात एक शॉट बिघडला तर दुसरा असतो. इथे दुसरा नसतो. म्हणून आम्ही ठरवलं, की माणूस बोलवायचा नाही, आपणच शिकायचं. आमच्यातल्या एकीचा भाचा मालिकांच्या सेटवर कॅमेरा विभागात काम करतो. त्याने दोन रविवार शिकवलं, बाकीचं सरावाने आलं. सिनेमाच्या सेटवर फोकस सांभाळायला एक वेगळा माणूसच असतो, त्याला ‘फोकस पुलर’ म्हणतात, तो टेप घेऊन कॅमेऱ्यापासून नटापर्यंतचं अंतर मोजतो, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. जिथे एका माणसाला त्याच एका कामाचे पैसे मिळतात, ते काम आपोआप होईल असं आपण कसं समजायचं?

मुळात हा फोटोचा कॅमेरा. व्हिडिओची सोय त्यात मागाहून आली. २००८ साली निकॉनचा डी९० आणि पाठोपाठ कॅननचा ५डी मार्क टू असे दोन कॅमेरे आले आणि फोटोच्या कॅमेऱ्यावर सिनेमासारखं चित्र मिळू लागलं. चेहरा स्पष्ट, मागचं सगळं मऊ, धूसर... सगळ्यांना त्याचंच वेड लागलं. ते चित्र मिळतं ते आतल्या मोठ्या सेन्सरमुळे. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे त्यात साधारण सगळंच स्पष्ट येतं. डीएसएलआरचा सेन्सर कितीतरी मोठा, त्यामुळे एका ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट येतं, त्याच्या पुढचं-मागचं विरघळतं. म्हणजे जी त्याची शोभा, तीच आपली डोकेदुखी!

किती अंतर स्पष्ट येतं, याचा हिशेब ऐकून तर मी चाटच पडले. घरोघरी असतो तो साध्या आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा, त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स, आजी दीड मीटरवर बसलेल्या आणि लेन्सचं भोक एफ १.८वर पूर्ण उघडलेलं, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा. नाकापासून कानापर्यंतसुद्धा पुरत नाही. आणि आपल्या आजी काही पुतळ्यासारख्या बसत नाहीत. बोलता बोलता पुढे झुकतात, मागे रेलतात, आठवण निघाली की पदर तोंडाला लावून खाली वाकतात. हेच भोक लहान करत एफ ५.६वर आणलं, तर तो पट्टा जवळजवळ एक वीत होतो. वीतभर जागेत आजींना हलता येतं. मागची भिंत एफ १.८एवढी धूसर होत नाही हे खरं, पण भिंतीचं काय करायचंय आपल्याला? आजींना भिंतीपासून चार-पाच हात पुढे बसवलं की तीही पुरेशी मऊ होते. ‘सिनेमासारखं’ चित्र हवं म्हणून एफ १.८वर अडून बसणाऱ्या तरुण मुलांशी माझं इथे पटत नाही. आम्ही एफ ४च्या खाली उतरत नाही.

दुसरी अडचण पाहण्याची. फोटो काढताना आपण डोळा लावून ज्या छोट्या खिडकीतून बघतो, ती व्हिडिओच्या वेळी काळीकुट्ट होते. कारण आतला आरसा वर उचललेला असतो आणि ‘एसएलआर’मधली सगळी गंमत त्या आरशाचीच. मग उरतो तो मागचा तीन इंची पडदा. आणि तेवढ्याशा पडद्यावर सगळंच छान दिसतं! घरी मोठ्या टीव्हीवर लावल्यावर खरं कळतं. त्यासाठी पडदा मोठा करून बघायचं. भिंगाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की चित्राचा एक तुकडा पाचपट, पुन्हा दाबलं की दहापट मोठा दिसतो. तो चौकोन आजींच्या डोळ्यावर न्यायचा. नाकावर नाही, कुंकवावर नाही, डोळ्यावरच, आणि दोन डोळ्यांपैकी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. पापणीचे केस वेगवेगळे दिसेपर्यंत लेन्सची फोकसची रिंग हळूहळू फिरवायची. थोडी पुढे जाऊ द्यायची, धूसर झालं की परत यायचं. साखरेचा पाक एकतारी झाला की नाही हे आपण दोन बोटांत घेऊन बघतो ना, तसं पुढे-मागे करूनच नेमकी जागा सापडते. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग चालू असताना हे भिंग वापरता येत नाही, म्हणून सुरू करण्याआधीच वापरायचं.

बाहेर उन्हाचा प्रकाश असला तर पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. त्यासाठी बाजारात डोळ्याला लावायचं नळकांडं मिळतं. आम्ही मात्र सरळ डोक्यावरून काळी ओढणी घेतो. पूर्वी स्टुडिओतले फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालायचे, त्यातलाच हा प्रकार. पहिल्यांदा असं केलं तेव्हा एक आजी खळखळून हसल्या, ‘बाई, तू कॅमेऱ्याम्होरं लाजायली का काय!’ आणि त्या हसण्याने त्यांचा सगळा अवघडलेपणा गेला.

‘ऑटो फोकस असताना हे उद्योग कशाला?’ असं तुम्ही विचाराल. फोटोसाठी तो उत्तमच. पण जुन्या डीएसएलआरमध्ये व्हिडिओच्या वेळी तो चाचपडतो. चित्र पुढे-मागे होत राहतं, लेन्सची मोटर घर्रर्र करते आणि तो आवाज कॅमेऱ्याच्या माइकमध्ये अचूक येतो. २०१३ साली आलेल्या कॅनन ७०डीपासून यात पुष्कळ सुधारणा झाली. आताच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत तर डोळा ओळखून फोकस धरून ठेवायची सोय आहे. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी जरूर वापरावा. कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्यावर मात्र आम्ही एक युक्ती करतो. आधी ऑटोवरच डोळ्यावर फोकस घेऊ द्यायचा, मग लेन्सवरचं बटण एएफवरून एमएफवर सरकवायचं. फोकस तिथेच थांबतो. त्यानंतर झूमला हात लावायचा नाही, हे फार महत्त्वाचं! या लेन्स फोटोसाठी बनवलेल्या, त्यामुळे झूम बदलला की बऱ्याच लेन्सचा फोकसही हलतो. आधी चौकट ठरवायची, मग फोकस. आणि आजी पाणी प्यायला उठल्या, परत बसल्या, की पुन्हा फोकस. कंटाळा करायचा नाही.

बसायचं कशावर, याचाही फोकसशी संबंध आहे. प्लॅस्टिकची खुर्ची नकोच, ती करकरते आणि डुलते. बहुतेक आजींना खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसणं आवडतही नाही. त्यांना खाली, खांबाला किंवा भरलेल्या पोत्याला पाठ टेकून बसवलं, की त्या मोकळ्या होतात आणि पाठ टेकलेली असल्याने अंतरही फारसं बदलत नाही. मग ट्रायपॉड त्यांच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत खाली आणायचा. वरून घेतलेल्या चित्रात माणूस उगीचच केविलवाणं दिसतं. या बायका केविलवाण्या नव्हत्या.

आता उजेडाचं. इथेही ऑटोवर भरवसा ठेवला की फसगत होते आणि ती का होते हे कळलं की उपायही कळतो. कॅमेऱ्याच्या आतल्या मीटरला माणूस, भिंत, लुगडं काही कळत नाही. समोर जे आहे ते सरासरी करड्या रंगाचं असणार, असं धरून तो उजेड ठरवतो. चौकटीत पांढरं स्वच्छ लुगडं आणि डोक्यावरून पदर जास्त आला, की त्याला वाटतं फार उजेड झाला. तो सगळंच काळं करतो आणि उन्हात रापलेला चेहरा आणखी काळा पडतो. उलट, मागे काळोखं माजघर असलं की तो सगळं उजळ करायला जातो आणि कपाळ, नाक, चांदीसारखे केस पांढरेफटक पडतात. बरं, हे एकदाच करून थांबत नाही. मागून कुणी पांढरा सदरा घातलेला नातू धावत गेला, की आजींचा चेहरा मध्येच अंधारतो आणि परत उजळतो. दु:खाची गोष्ट चालली असताना असं झालं, की पाहणाऱ्याचं लक्ष गेलंच.

म्हणून कॅमेऱ्याची चकती ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलवर आणायची. काही जुन्या कॅमेऱ्यांत चकतीवर व्हिडिओची वेगळी खूण असते, तिथे मेन्यूत जाऊन एक्स्पोजर मॅन्युअल करावं लागतं. मग तीन गोष्टी आपल्या हातात येतात.

पहिली शटर. ती जवळजवळ ठरलेलीच असते. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मेन्यूत ‘एनटीएससी’ असेल तर ते अमेरिकेकडच्या विजेसाठी. ते बदलून ‘पाल’ करायचं, सेकंदाला २५ चित्रं ठेवायची आणि शटर १/५०. चित्र लुकलुकत असेल किंवा आडवे पट्टे सरकत असतील तर बहुतेक वेळा दोष इथेच असतो. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे मात्र कधी कधी कशालाच जुमानत नाहीत, ते सरळ बंद करावेत. दुसरी गोष्ट लेन्सचं भोक. ते एफ ४ ते ५.६, वर सांगितलंच. मग तिसरी, आयएसओ, तेवढीच उरली. उजेड कमी तर आयएसओ वाढवायचा, जास्त तर कमी करायचा. ८००पर्यंत काही बिघडत नाही, १६००ला जुन्या कॅमेऱ्यात थोडे दाणे दिसतात. दिसेनात का! अंधारं घेऊन नंतर कॉम्प्युटरवर उजळ करायला गेलं, तर त्याहून वाईट दाणे येतात.

पण आयएसओशी खेळण्याआधी आजींची जागा बदलून बघा. आमच्या अनुभवात ओसरीसारखी जागा नाही. ओसरीच्या कडेपासून हातभर आत, सावलीत, तोंड अंगणाकडे. अंगणातल्या उन्हाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो आणि सुरकुती न् सुरकुती दिसते, डोळ्यांत चमक येते. कॅमेरा अंगणाच्या बाजूला, थोडा तिरका. घरात बसायचं तर दाराकडे किंवा खिडकीकडे तोंड करून. पाठीमागे उघडं दार कधीही नको. आणि दिवसाचा उजेड येत असेल तर पिवळा बल्ब बंद. नाहीतर एक गाल निळा, एक गाल पिवळा! व्हाइट बॅलन्सही ऑटोवर न ठेवता सावलीच्या चिन्हावर ठेवायचा, म्हणजे रंग मध्येच बदलत नाही.

भर उन्हात घ्यायची वेळ आलीच, म्हणजे आजींना तो तलाव, ती खडीची जागा दाखवायची असली, तर पंचाईत होते. आयएसओ १००, शटर १/५०, तर एफ २२ लागतो. तेवढं बारीक भोक केलं की चित्राची धार जाते. त्यावर लेन्सला लावायची काळसर काच मिळते, एनडी फिल्टर. उजेड आठपट कमी करणारी काच लावली की एफ ८वर काम होतं. काच नसेल तर शटर १/२०० केलं तरी चालतं. चालणं जरा तुटक दिसतं, पण पांढरंफटक चित्र येण्यापेक्षा ते परवडलं.

उजेड बरोबर आहे की नाही, हे पडद्याच्या उजळपणावरून ठरवू नये. अंधाऱ्या खोलीत तोच पडदा झगझगीत वाटतो, उन्हात मिणमिणता. आम्ही आधी त्याच सेटिंगवर एक साधा फोटो काढतो आणि तो बघताना हिस्टोग्राम उघडतो. नाव भारदस्त असलं तरी तो नुसता ढीग असतो. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. ढीग उजव्या भिंतीला जाऊन थडकला, की समजायचं कुठेतरी पांढरं जळलं. बऱ्याच कॅमेऱ्यांत अशी जळलेली जागा फोटोत लुकलुकतेसुद्धा. पदराच्या एखाद्या चुणीवर लुकलुकलं तर सोडून द्यावं, कपाळावर लुकलुकलं तर आयएसओ एक पायरी खाली. जे पांढरं जळलं त्यातलं नंतर काहीही परत मिळत नाही. आणि तास-दीड तासाच्या मुलाखतीत ऊन सरकतं, ढग येतात. दर प्रश्नागणिक एक नजर टाकायची.

थांबावं तर लागतंच. जुने कॅमेरे फाइल चार जीबीची झाली की थांबतात, म्हणजे साधारण बारा मिनिटांनी. बरेच नंतरचे कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतात. का, तर युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर जास्त जकात लागायची! तिकडच्या जकातीपायी इकडे आजींचं वाक्य मध्येच तुटतं. त्यापेक्षा दहा मिनिटांनी आपणच बंद करायचं, आजींना पाणी द्यायचं, डोळ्यावर फोकस पुन्हा बघायचा.

आवाजाचं सविस्तर पुन्हा कधीतरी. एवढंच सांगते, की कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नका. पदराला लावायचा साधा माइक मोबाइलला जोडून खिशात ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो.

‘हे सगळं आपल्याला जमेल का?’ असं आमच्यातल्या दोघी-तिघी अजूनही म्हणतात. त्यांना मी अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेचं उदाहरण देते. तिथे १९८४ साली कष्टकरी बायकांना व्हिडिओ शिकवायला सुरुवात झाली. त्यात भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. त्या काळचे जड कॅमेरे आणि टेपा सांभाळून त्यांनी चित्रफिती केल्या. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण आहेच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्या मोठ्या कामापुढे आमचं काम चिमूटभर, पण चिमूट तरी स्वच्छ असावी.

मागच्या महिन्यात एका आजींना त्यांचं रेकॉर्डिंग त्यांच्याच घरच्या टीव्हीवर लावून दाखवलं. चेहऱ्याकडे त्यांनी फार पाहिलं नाही. बोलताना त्यांनी उजवा हात वर केला होता, तिथे म्हणाल्या, ‘थांब, तितं थांबीव.’ अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं स्पष्ट दिसत होतं. त्यांनी नातसुनेला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, ‘ह्ये बग, ह्ये त्या साली झालतं.’ लग्न होऊन सहा वर्षं त्या घरात असलेल्या नातसुनेने ते नख तोवर कधी निरखून पाहिलं नव्हतं.

कॅमेरा घरी आणला की लेन्स पदराने पुसू नका. पदराला हळद-तेल असतं, धूळ असते. फुंकणीने धूळ उडवून मग मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा. पावसाळ्यात, विशेषत: मुंबई-कोकणात, कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते आणि मग कितीही फोकस केला तरी चित्रावर साय आल्यासारखी दिसते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवला की टिकतो. आणि कार्डावरचं त्याच रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, फाइलला आजींचं नाव, गाव आणि तारीख घाला. एक डिस्क आमच्या घरी असते, दुसरी मुद्दाम दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीकडे. आजींच्या घरच्यांना पेन ड्राइव्हवर प्रत लगेच देतो, कारण ‘नंतर देऊ’ म्हटलं की राहून जातं. सध्या आमच्या यादीत अजून एकोणीस नावं आहेत आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या आजी नव्वदीच्या आहेत. पहिला नंबर त्यांचाच लावलाय.